साडेतीन ते पाचच्या दरम्यान

पोटॅशियमच्या पातळ औषधाची चव ज्यानं एकदा घेतली, तो ती सहसा विसरत नाही. आधी खारट, मग कडवट, आणि शेवटी नाणं चोखल्यासारखी धातूची चव जिभेवर रेंगाळत राहते. पाण्यात न मिसळता घेतलं तर घशापासून पोटापर्यंत जळजळ होते. म्हणून अर्धा ग्लास पाणी, जेवणानंतर, घोटाघोटानं, अशी पथ्यं डॉक्टर सांगतात. घरी आल्यावर त्यातलं 'जेवणानंतर' तेवढं लक्षात राहतं.

हेच रसायन, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, जळगावच्या केळीबागांत गोणीनं पडतं. शेतकरी त्याला म्युरिएट ऑफ पोटॅश किंवा नुसतं पोटॅश म्हणतो. केळीला ते भरपूर लागतं, आणि म्हणूनच केळं खाणाऱ्याला ते भरपूर मिळतं. शेतात थोडं जास्त पडलं तर पीक लगेच मरत नाही. माणसाच्या रक्तात मात्र जास्तीचं पोटॅशियम बाहेर काढण्याचं काम जवळजवळ सगळं एकट्या किडनीवर असतं, आणि किडनी थकलेली असेल तर उपकार म्हणून दिलेला चमचा अंगावर येतो.

पोटॅशियमच्या गोळ्या-औषधांचा विचार करताना हीच गोष्ट सगळ्यात आधी मान्य करावी लागते. हे टॉनिक नव्हे. रक्तातली पातळी साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावी लागते. खाली गेली तरी हृदयाचा ठोका चुकतो, वर गेली तरी चुकतो. आणि खालची पातळी वर आणायला जे औषध देतात, तेच बेहिशेबी दिलं तर माणसाला दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतं.

हृदयाशी असलेलं हे नातं दीडशे वर्षांपूर्वीच कळायला लागलं होतं. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर १८८० च्या दशकात बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. नुसत्या मिठाच्या पाण्यात ते लवकर दमायचं. कॅल्शियम आणि पोटॅशियम बेताच्या प्रमाणात घातलं की चालू राहायचं. आज कुठल्याही दवाखान्यात 'आरएल लावा' म्हणतात ते रिंगर लॅक्टेट याच प्रयोगांच्या वंशातलं, आणि त्याच्या एका लिटरमध्ये अवघं ४ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. उलट, लंडनमध्येच डेनिस मेलरोझ यांनी १९५५ मध्ये पोटॅशियम सायट्रेटचा तीव्र द्राव वापरून शस्त्रक्रियेसाठी हृदय मुद्दाम थांबवण्याची पद्धत मांडली. चालू ठेवणारा आणि थांबवणारा क्षार एकच, फरक मात्रेचा.

ही मात्रा इतकी नाजूक का, हे कळायला थोडं अंकगणित लागतं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३,५०० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, आणि त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत कोंडलेलं असतं. प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप बसलेला असतो. तो सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत ओढतो. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये हा पंप ओळखला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. रक्ताच्या तपासणीत दिसतो तो बाहेर उरलेल्या दोन टक्क्यांचा नमुना. म्हणजे गोदामात माल किती आहे, हे दुकानाच्या फळीवरून ठरवायचं. फळीवर ४ ऐवजी ३ दिसत असेल, तर गोदामातून साधारण २०० ते ४०० मिलिइक्विव्हॅलंट माल गेलेला असू शकतो. तो एका दिवसात भरून येत नाही.

कधी कधी तर गोदाम भरलेलंच असतं आणि फळी तेवढी रिकामी होते. थायरॉइड जोरात चालणाऱ्या तरुण पुरुषांत, विशेषतः आशियाई पुरुषांत, असा एक प्रकार दिसतो: रात्री भरपूर भात किंवा गोडधोड जेवून माणूस झोपतो आणि पहाटे पाय उचलता येत नाहीत. लग्नाच्या पंगतीनंतरची ही पहाट घरच्यांना लकव्याची वाटते. प्रत्यक्षात इन्सुलिन आणि थायरॉइड या दोघांनी मिळून रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकललेलं असतं. इथे घाबरून भरमसाठ पोटॅशियम दिलं, तर काही तासांनी आतला माल परत बाहेर येतो आणि पातळी पाचाच्या वर उसळते. दम्याच्या झटक्यात सॅल्ब्युटामॉलची वाफ वारंवार घेतल्यावरही पातळी अशीच काही काळ खाली जाते. मधुमेहाच्या कीटोॲसिडोसिसमध्ये तर रुग्ण येतो तेव्हा आकडा चांगला दिसतो, पण गोदाम रिकामं असतं. इन्सुलिन सुरू केलं की आकडा कोसळतो. म्हणून पातळी सुरुवातीलाच फार खाली असेल, तर आधी पोटॅशियम देतात आणि इन्सुलिन थोडं थांबवतात.

खरी गळती मात्र बहुधा दोन वाटांनी होते: पोटातून किंवा लघवीतून. जुलाब आणि उलट्या हे सगळ्यांना माहीत असलेलं कारण. जलसंजीवनीच्या पुडीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे, लिटरमागे १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. घरच्या मीठ-साखर-पाण्यात ते नसतं, हा फरक आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' हा आग्रहही इथे तपासून पाहावा लागतो. साध्या सलाईनमध्ये पोटॅशियमचा थेंब नसतो, आणि ग्लुकोजच्या बाटलीनं इन्सुलिन वाढून असलेलंही पेशींत जातं. हातापायांतली शक्ती पोटॅशियम कमी झाल्यानं गेली असेल, तर नुसती ग्लुकोजची बाटली अशक्तपणात भरच घालते.

लघवीच्या वाटेनं जाणाऱ्या पोटॅशियमला बहुतेक वेळा औषधच दार उघडून देतं. रक्तदाबासाठी दिलेली क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड, पायांच्या सुजेसाठी दिलेली फ्रुसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, या 'लघवीच्या गोळ्या' मिठाबरोबर पोटॅशियमही घेऊन जातात. रक्तदाबाच्या एका गोळीत हल्ली दोन-तीन औषधं एकत्र असतात, त्यामुळे आपण लघवीची गोळी घेतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. रक्तदाब जास्त, पोटॅशियम वारंवार कमी आणि गोळ्या बंद केल्या तरी तसंच, असं असेल तर ॲड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन जास्त पाझरत नाही ना, हे पाहावं लागतं. अमेरिकेतल्या जेरोम कॉन यांनी १९५० च्या दशकात दाखवलेला हा आजार दुर्मीळ समजला जाई, पण तो तेवढा दुर्मीळ नाही. आणि एक घरगुती गुन्हेगार: ज्येष्ठमध. खोकल्याला दोन दिवस काडी चघळणं वेगळं, पण महिनोन्‌महिने रोज चूर्ण किंवा काढा घेतला तर त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात अल्डोस्टेरॉनसारखंच वातावरण तयार करतं: रक्तदाब वर, पोटॅशियम खाली. डॉक्टरांनी 'काय काय औषधं घेता?' विचारल्यावर ज्येष्ठमध कुणीही सांगत नाही, कारण ते औषधात धरलेलंच नसतं.

या सगळ्यात मॅग्नेशियम हा न दिसणारा भागीदार. ते कमी असेल तर किडनी पोटॅशियम धरून ठेवूच शकत नाही. चार दिवस बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करूनही आकडा ३ वरून हलत नसेल, तर पोटॅशियम वाढवण्याआधी मॅग्नेशियम तपासणं शहाणपणाचं ठरतं.

आणि एक गैरसमज इथेच निकालात काढलेला बरा. रात्री पोटऱ्यांत गोळे आले की 'पोटॅशियम कमी झालं असणार' असं निदान घरोघरी होतं. रात्रीचे असे गोळे बहुतांशी पोटॅशियमशी संबंधित नसतात. खरी कमतरता वाढते तेव्हा मांड्यांतली शक्ती जाते, जिना चढता येत नाही, पोट फुगतं, बद्धकोष्ठ होतो, छातीत धडधड होते आणि ईसीजीवर लाटा चपट्या दिसू लागतात. निदान रक्ताच्या चाचणीनं होतं, पोटऱ्यांतल्या गोळ्यांवरून नाही.

तर मग केळं की औषध? एका मध्यम केळ्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एक मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे ३९ मिलिग्रॅम, तेव्हा केळं म्हणजे साधारण ११ मिलिइक्विव्हॅलंट. शहाळ्याच्या मोठ्या ग्लासभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १३ किंवा थोडं कमी-जास्त. उलट १० टक्क्यांच्या पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ औषधाच्या १५ मिलिलिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट बसतं. पातळी टिकवायला अनेकदा दिवसाला एवढंच पुरतं. भरून काढायला ४० ते १०० लागू शकतं, तेही विभागून. म्हणजे उपचार केळ्यांवर करायचा तर रोज चारपासून नऊ केळी. मधुमेह्याच्या ताटात ती बसवायची कुठे? शिवाय फळांतलं पोटॅशियम मुख्यतः सायट्रेट, फॉस्फेट अशा रूपांत असतं. उलट्या किंवा लघवीच्या गोळ्यांनी जे जातं त्याच्यासोबत क्लोराइडही गेलेलं असतं, आणि ते परत मिळाल्याशिवाय किडनी पोटॅशियम सांडतच राहते. म्हणून अशा वेळी क्लोराइडचंच औषध लागतं. मुतखड्यासाठी दिलेलं पोटॅशियम सायट्रेट त्याच्या जागी चालत नाही. निरोगी किडनीच्या माणसानं कमतरता येऊच नये म्हणून मात्र डाळी, पालेभाज्या, बटाटा, केळं, शहाळं यांच्यावर भर द्यावा, हे अगदी बरोबर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम घ्यायला सांगते, आणि एवढं खाण्यातूनच यावं अशी अपेक्षा आहे.

गोळ्यांचा इतिहास थोडा अप्रिय आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लघवीचं औषध आणि पोटॅशियम क्लोराइड एकाच गोळीत घालून वर असं आवरण दिलं गेलं, की ती जठरात न विरघळता पुढे जावी. कल्पना चांगली होती, पण आवरण लहान आतड्यात एका जागी फुटायचं आणि सगळा क्षार तिथेच ओतला जायचा. १९६४-६५ मध्ये अशा रुग्णांच्या आतड्यात कड्यासारखे व्रण आणि मग जखम भरताना अरुंद झालेला मार्ग दिसू लागला; अनेकांना शस्त्रक्रिया करावी लागली. नंतर आलेल्या गोळ्यांत क्षार मेणाच्या जाळीत बांधलेला असतो आणि तासनतास हळूहळू झिरपतो. ही गोळी फोडायची, कुटायची किंवा चघळायची नाही, ती याचसाठी. आख्खा ग्लासभर पाणी, जेवणासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर सगळा क्षार तिथेच ओतला जातो. एका वेळी २० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नको. कधी कधी शौचात गोळीचा रिकामा सांगाडा तसाच दिसतो. त्याचा अर्थ औषध वाया गेलं असा नव्हे, आतला क्षार निघून गेलेला असतो. पण पोटात जोराची कळ आली किंवा शौच काळं झालं, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

गिळता येत नसेल, पातळी अडीचच्या खाली असेल किंवा ठोका बिघडला असेल, तर शिरेतून द्यावं लागतं, आणि इथे पोटॅशियम सगळ्यात धोकादायक. आपल्याकडच्या दहा मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १.५ ग्रॅम, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. आता हिशेब करा: प्रौढाच्या अंगात सुमारे ३ लिटर रक्तद्रव, आणि प्रत्येक लिटरला ४. एकूण १२. एका अँप्यूलमध्ये सगळ्या रक्तद्रवापेक्षा जास्त पोटॅशियम आहे! ते सिरिंजनं थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. म्हणून ते नेहमी बाटलीत पातळ करून, साधारणतः तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वेगानं देतात. त्याहून जास्त वेग लागला तर ईसीजीच्या पडद्यावर नजर ठेवून. हाताच्या शिरेत त्यानं आग होते. रुग्ण 'सिस्टर, फार जळतंय' म्हणतो तेव्हा तो नाटक करत नसतो, वेग कमी करायला हवा असतो. टांगलेल्या बाटलीत अँप्यूल टोचून ती न हलवताच सुरू केली, तर जड क्षार तळाशी साचतो आणि पहिल्या काही मिनिटांत तोच शिरेत जातो. म्हणून बाटली खाली उतरवून चांगली उलटीपालटी करायची असते.

अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशननं १९९८ मध्ये धोक्याच्या सूचनांची मालिका सुरू केली, तेव्हा तिचा पहिलाच अंक पोटॅशियम क्लोराइडवर होता. त्यात तपासलेल्या दहा मृत्यूंपैकी आठ तीव्र द्राव थेट दिल्यानं झाले होते, आणि त्या आठांपैकी सहांत कुणीतरी ते दुसरंच औषध समजून भरलं होतं. अँप्यूल आणि लेबलं एकसारखी दिसत होती. उपाय फार साधा निघाला: तीव्र द्राव वॉर्डातल्या कपाटात ठेवायचाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २००७ मध्ये तेच सांगितलं. आपल्याकडच्या लहान नर्सिंग होममध्ये मात्र सगळ्या अँप्यूल एकाच ट्रेमध्ये राहतात, आणि तिथे वेगळ्या कुलुपाचा खर्च कुणाला जड जाईल असं वाटत नाही.

जास्तीची बाजू समजून घ्यायला कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचं उदाहरण फार बोलकं आहे. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या गोळीनं हृदय अशक्त झालेल्या रुग्णांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होतात, असं एका मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. ही गोळी पोटॅशियम धरून ठेवते. चाचणीत किडनी फार खराब असलेल्यांना घेतलेलं नव्हतं आणि रक्त वारंवार तपासलं जात होतं. बाहेरच्या जगात ती काळजी राहिली नाही. ओंटारिओत आधीच एसीई इनहिबिटर, म्हणजे रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी, घेत असलेल्या वृद्ध हृदयरुग्णांत स्पायरोनोलॅक्टोनचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी ३४ होतं, ते २००१ पर्यंत १४९ झालं. पोटॅशियम वाढल्यानं रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण हजारी २.४ वरून ११ वर गेलं, मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर. गोळी चांगलीच होती. संगत वाईट होती.

हीच संगत आपल्या घरच्या औषधांच्या डब्यात सापडते. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल. गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी. लघवीच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम असलेलं प्रतिजैविक. यांतली प्रत्येक गोष्ट पोटॅशियम थोडं थोडं अडवते. वय सत्तर, मधुमेह वीस वर्षांचा, क्रिएटिनिन दोन, म्हणजे किडनी थकलेली, आणि वर कुणीतरी 'अशक्तपणावर छान' म्हणून पोटॅशियमचं औषध सुचवतं. वाढलेलं पोटॅशियम लक्षणं दाखवेलच असं नाही. पहिलं लक्षण थेट हृदय थांबणं असू शकतं. गंमत अशी की कधी कधी वाढलेला आकडाच खोटा असतो. रक्त घेताना पट्टा घट्ट बांधून 'मूठ आवळा, सोडा, आवळा' असं बराच वेळ केलं, किंवा नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या, तर पेशींतलं पोटॅशियम नळीतच बाहेर येतं. रुग्ण ठणठणीत आणि आकडा सहाच्या वर, तर ईसीजी काढून नमुना पुन्हा घेणं हाच पहिला उपाय.

स्वयंपाकघरातल्या मिठाचाही यात समावेश करायला हवा. कमी सोडियमच्या मिठात सोडियमची जागा पोटॅशियम क्लोराइडनं भरलेली असते. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ टक्के साधं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. फायदा खरा आहे. पण गंभीर किडनीविकार असलेले किंवा पोटॅशियम घेत असलेले लोक त्या अभ्यासात नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा मिठाची शिफारस केली तेव्हाही किडनीविकार असलेले, गर्भवती आणि मुलं वगळली. अशा मिठाचा पाच ग्रॅमचा एक चमचा म्हणजे जवळपास १७ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम, औषधाच्या एका मात्रेच्या जवळ. सैंधवाचं प्रकरण उलटं. ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, आणि 'उपासाला चालतं' याचा 'बीपीला चालतं' असा अर्थ होत नाही.

किती पोटॅशियम पुरेसं, यावर तज्ज्ञ अजूनही वाद घालतात. बायपास शस्त्रक्रियेनंतर ठोका बिघडू नये म्हणून पातळी साडेचारच्या वर ठेवायची रूढी अनेक अतिदक्षता विभागांत होती. ब्रिटन आणि जर्मनीत १,६९० रुग्णांवर झालेल्या, २०२४ मध्ये आलेल्या चाचणीत ३.६ च्या खाली गेल्यावरच पोटॅशियम दिलं तरी फारसा फरक पडला नाही: ठोका बिघडण्याचं प्रमाण २७.८ विरुद्ध २६.२ टक्के. पुढच्याच वर्षी डेन्मार्कहून वेगळं उत्तर आलं. छातीत डिफिब्रिलेटर बसवलेल्या १,२०० जणांत पातळी मुद्दाम साडेचार ते पाचवर ठेवली, तेव्हा ठोक्याच्या गंभीर घटना, त्यासाठीची किंवा हृदय अशक्त झाल्यामुळे होणारी भरती आणि मृत्यू एकत्र धरून २९.२ वरून २२.७ टक्क्यांवर आले. दोन्ही उत्तरं खरी असू शकतात, कारण रुग्ण वेगळे आहेत. पण दोन्हीकडे रक्ताची तपासणी वारंवार होत होती, आणि आपल्या ओपीडीत नेमकी तीच गळते.

लघवीची गोळी सुरू केली किंवा तिचा डोस बदलला की एक-दोन आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहायचं असतं. पोटॅशियम सुरू केल्यावरही तसंच. शेवटी घडतं ते असं. आजोबांच्या पायांची सूज उतरते, टॉर्सेमाइड बंद होते, तिच्या जागी स्पायरोनोलॅक्टोन येतं. पोटॅशियमची बाटली मात्र जुन्या चिठ्ठीवरून नव्या चिठ्ठीवर 'पूर्ववत चालू' म्हणून उतरत राहते, आणि सून रोज सकाळी नाश्त्यानंतर ते टोपणात मोजून अर्ध्या ग्लास पाण्यात मिसळून देते, अगदी सांगितल्याप्रमाणे.